डमीचा प्रश्न

डमीनं तोंड उघडायचं नाही. ब्रिज शिकायला लागलं की पहिल्याच दिवशी हा नियम सांगतात, आणि माणूस तो जन्मभर मनातल्या मनात मोडत बसतो. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं जोडीदार. बोली संपली की जोडीतला एक जण डाव खेळतो आणि दुसरा आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो, जोडीदार सांगेल ते पान सरकवतो. तो डमी. समोरचा आपल्या डोळ्यांदेखत खड्ड्यात चाललाय हे त्याला दिसत असतं, पण खोकायचं नाही, भुवई उचलायची नाही.

एक प्रश्न मात्र विचारता येतो. समजा किल्वर चालू आहे आणि खेळणाऱ्यानं भलतंच पान टाकलं, तर डमी विचारू शकतो, ‘किल्वर नाही का?’ हातात असून दिलं नाही तर दंड बसतो, म्हणून ही सवलत. विचारलंच पाहिजे असं नाही. विचारावंसं वाटलं तर.

मी लीलाधर नारखेडे, वय एकाहत्तर, राहणार भुसावळ. रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. पेन्सिलीनं चार्ट ओढणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतला. आडवी वेळ, उभी स्टेशनं आणि गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. वरणगाव, बोदवड, मलकापूर, नांदुरा. कुठल्या दोन रेघा कुठे एकमेकींना आडव्या येणार हे दोन तास आधी दिसलं पाहिजे, नाहीतर मग ओरडा खायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी ऋतुजा बडोद्याला. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून मी रेडिओशी भांडतो. तो ऐकून घेतो बिचारा.

माझा आठवडा दोन दिवसांचा, मंगळवार आणि गुरुवार. दुपारी तीनला क्लबात ब्रिज. बाकीचे पाच दिवस म्हणजे त्या दोघांच्या मधली वाट बघणं. समोर सव्वीस वर्षं एकच जोडीदार, कुलथे बाई. शाळेत गणित शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मुलगा तेजस पुण्यात. त्याही एकट्याच राहतात. सव्वीस वर्षांत मी त्यांच्या घरी चार वेळा गेलो असेन, त्यातल्या दोन वेळा कोणीतरी गेलं म्हणून. पण त्यांनी पान कसं धरलंय यावरून मला त्यांची डोकेदुखी कळायची. आता याला काय नाव द्यायचं ते तुम्ही बघा. आम्ही कधी दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी क्लबात ते हिरवं मेज आलं.

त्यामागचं शास्त्र सांगतो, अवघड नाही. माणसाच्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे तो बेत आखतो. आधी काय, मग काय, आणि मध्येच बिनसलं तर काय. म्हातारपणी काहींचा हा भाग हळूहळू विझतो. गंमत अशी, की स्मरणशक्ती जायच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू होतं आणि कोणाला पत्ता लागत नाही, त्या माणसाला तर नाहीच. काही संशोधकांनी हजारो ब्रिज खेळणाऱ्यांचे डाव वर्षानुवर्षं नोंदले. प्रत्येक पानात तांदळाच्या कणीपेक्षा बारीक चकती, मेजाखाली ती वाचणारं यंत्र. कोणतं पान, कधी, किती विचारानंतर, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. त्यातून एक आकडा निघाला, नियोजनांक. तो सहा-सात वर्षं आधी सांगतो की या माणसाचं पुढे कसं होणार.

आकडा कसा काढतात हे कोणी आम्हाला नीट सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला निकालाशी मतलब. पासष्टच्या वर जो एकटा राहतो, त्याचा नियोजनांक वर्षातून एकदा तपासायचा. पंचेचाळीसच्या खाली गेला तर तीन महिन्यांत कोणाकडे तरी राहायला जायचं, नाहीतर घरी माणूस आणायचं. घरांना आगी लागल्या होत्या, म्हातारी माणसं गॅस चालू ठेवून देवळात जात होती, म्हणून हा कायदा. वाईट नाही म्हणत मी. बाकीच्यांना केंद्रात जाऊन कोडी सोडवायला लागतात, आम्ही क्लबात खेळत खेळत परीक्षा देतो.

तर गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं, की कुलथे बाई थांबतात. डाव त्यांच्याकडे आला, मी डमी म्हणून पानं मांडली, की त्या बघत बसायच्या. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी चार. विरोधी जोडीतले डिक्रूझ आणि भिरूड वकील जांभया द्यायचे. डिक्रूझ म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर, त्याला गाडी उभी राहिलेली खपत नाही. “बाई, सिग्नल हिरवा झालाय भो,” तो म्हणायचा. बाई हसायच्या आणि आणखी एक मिनिट घ्यायच्या.

आणि मी? मी हल्ली कसा खेळत होतो! पानं दिसली रे दिसली की पहिलं पान टाकलं. मला वाटायचं, निवृत्तीनंतर हात मोकळा झाला. मध्येच कुठेतरी अडायचो, खरं आहे, पण ते सगळ्यांचंच होतं. वेगाचा मला गर्वच झाला होता म्हणा ना.

बाईंची मला भीती वाटायला लागली. म्हणजे बाईंसाठी. आणि खरं बोलायचं तर माझ्यासाठी. त्यांचा नंबर खाली आला तर तेजस त्यांना पुण्याला नेणार, मग माझे मंगळवार-गुरुवार कोणाकडे बघून काढायचे? महिनाभर मी घोळत बसलो. शेवटी वाटलं, आधीच कळलं तर औषध तरी होईल. आपल्यामुळे उशीर झाला असं नको. एका सकाळी मी तेजसला फोन लावला.

“तेजस, मी नारखेडेकाका. बाई हल्ली फार वेळ लावतात रे पानाला. म्हटलं, तुझ्या कानावर घालावं.”

त्यानं कधीपासून ते विचारून घेतलं. मग म्हणाला, “काका, बरं झालं सांगितलंत. आईनं विषयच काढला नसता.”

फोन ठेवल्यावर मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. उंटावरचा शहाणा!

तेजसनं आमच्या टेबलाची तपासणी लवकर लावून घेतली. आठ दिवसांनी आकडे मोबाइलवर आले. कुलथे बाई, अठ्ठ्याहत्तर. लीलाधर नारखेडे, अडतीस.

मी चष्मा पुसून बघितलं. मग पुसलेला परत पुसला.

आकड्याखाली या वेळी खुलासा होता. निरोगी मन डावाच्या सुरुवातीला थांबतं, सगळा रस्ता आखतं आणि मग सुरळीत चालतं. थकत चाललेलं मन पहिलं पान लगेच टाकतं आणि वाटेत पुन्हा पुन्हा अडतं, कारण त्यानं रस्ता आखलेलाच नसतो. ज्याला मी बाईंचा आजार समजलो ती त्यांची तब्येत होती. आणि ज्याचा मला गर्व होता तो माझा आजार. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, दुसरं काय!

गुरुवारी क्लबात गेलो तर बाई दारातच उभ्या.

“नारखेडे, तुम्ही तेजसला फोन केलात?”

“बाई, मला वाटलं...”

“तुम्हाला वाटलं. मला विचारावंसं नाही वाटलं? सव्वीस वर्षं समोर बसताय. माझ्या तोंडावर म्हणायचं, बाई, थांबता का हो हल्ली. मी सांगितलं असतं, पूर्वी घाईनं डाव घालवायचे, आता अक्कल आली. तेजसनं माझी खोली रंगवून ठेवलीय पुण्यात, माहितीय? माझ्या पाठीमागे ठरलं सगळं. मी म्हणजे काय सामान आहे, तुम्ही दोघांनी फोनवर बुक करायचं?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.”

माझा आकडा त्यांनाही माहीत होता, टेबलाचा निकाल चौघांना जातो. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. उलट, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन आठवडे बाई क्लबात आल्या नाहीत. मी जायचो, तीनला बसायचो, समोरच्या खुर्चीवर कधी कोणी बसायचं, कधी नाही. घरी रेडिओ बंद करून टाकला. एक दिवस भरीत केलं, कळण्याची भाकरी केली आणि ताटावर बसल्यावर लक्षात आलं, ताटं दोन घेतलीत. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. हे एकटेपणामुळे की अडतीसमुळे, हे मला ठरवता येईना. तेच सगळ्यात वाईट होतं. आता प्रत्येक चूक मी उचलून उजेडात धरून बघत होतो. किल्ली विसरलो, हे म्हातारपण की ते? त्या माणसाचं नाव आठवेना, हे की ते? आणि विचारायचं कोणाला?

ऋतुजाचा फोन रोज यायचा. “बाबा, तुमची खोली तयार आहे.” म्हणजे माझीही खोली रंगवून झाली होती.

एक मार्ग उरला होता. आकडा खाली आला तर महिन्याच्या आत फेरतपासणी मागता येते, पण नेहमीच्या जोडीदाराबरोबरच खेळावं लागतं. मी बाईंना चिठ्ठी लिहिली. फोन करायची हिंमत नव्हती. ‘गुरुवारी तीनला फेरतपासणी. आलात तर उपकार. नाही आलात तर बरोबरच आहे. नारखेडे.’

बाई आल्या. बसल्या. पर्स मांडीवर घेतली. डिक्रूझनं, “कशा आहात बाई,” विचारलं तर मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. बोलीपुरते शब्द बोलायच्या, तेवढेच.

चौथ्या आणि शेवटच्या डावात माझ्या हातात इस्पिकची सहा पानं आली, एक्का-राणी-गुलामासकट. बाईंनी बोलीत जोर दाखवला आणि आम्ही सहा इस्पिकवर जाऊन थांबलो. इस्पिक हुकूम, आणि तेरापैकी बारा हात करून दाखवायचे. याला स्लॅम म्हणतात. एकच हात गमवायची मुभा. डाव माझ्याकडे, बाई डमी.

भिरूड वकिलांनी बदामची राणी टाकली. बाईंनी पानं मांडली आणि हात आवरून बसल्या.

मी थांबलो. आता मला गुपित माहीत होतं ना! घड्याळात बघून सहा मिनिटं थांबलो. डिक्रूझ कळवळला. मी खरंच मोजत होतो. आमचे दोघांचे मिळून अकरा हात नक्की. माझ्या हातात चौकटची दोन पानं फालतू होती, ती कुठेतरी खपवायला हवी. बारावा हात किल्वरात. बाईंच्या पानांत पाच किल्वर, एक्का, राजा आणि तीन लहान. माझ्या हातात दोनच, दुर्री आणि पंजी. मी बेत केला, आधी विरोधकांचे हुकूम काढायचे. मग किल्वरचा एक्का, मग राजा, तिसरं किल्वर हुकमानं कापायचं. विरोधकांकडची सहा किल्वर तीन-तीन वाटलेली असली तर बाईंची उरलेली दोन्ही पानं मोठी होतात. इस्पिकच्या राजानं तिकडे जायचं आणि ती वाजवायची, म्हणजे खेळून हात घ्यायचे. बेत पाठ केला. कंट्रोलला असताना चार्ट पाठ करायचो तसा.

बदामचा एक्का घेतला. हुकमाच्या दोन फेऱ्यांत विरोधकांचे हुकूम संपले. सगळं चार्टप्रमाणे. मग मी किल्वरची दुर्री टाकली आणि म्हणालो, “छोटं.”

बाईंची बोटं पानांवर क्षणभर थांबली. डमीला दुसरं काही करता येत नाही. त्यांनी लहान किल्वर सरकवलं. तो हात डिक्रूझनं गुलामानं घेतला आणि परत किल्वरच खेळला.

माझ्या डोक्यात गाडी पुढे निघून गेली होती. एक्का झाला, राजा झाला, हे तिसरं किल्वर, आता कापायचं. मी इस्पिकची दश्शी उचलून टाकली.

“किल्वर नाही का, नारखेडे?”

तीन आठवड्यांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य. आवाज कोरडा नव्हता, रागाचा नव्हता, दयेचा तर अजिबात नव्हता. सव्वीस वर्षं विचारत आल्या तसाच प्रश्न विचारला होता.

मी हातातली पानं बघितली. काळ्या पानांच्या कडेला किल्वरची पंजी होती. मग टेबलाकडे बघितलं. किल्वरचा एक्का आणि राजा बाईंच्या पुढ्यात तसेच होते, दोघंही, कोणी हात न लावलेले. मला बेत पाठ होता, अक्षर न् अक्षर. त्या बेतात मी कुठे उभा आहे तेवढंच मला माहीत नव्हतं. गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ आणि गाडी कोणत्या स्टेशनात आहे याचा पत्ता नाही.

“आहे,” मी म्हणालो. दश्शी परत घेतली, पंजी दिली.

पुढचं आपोआप झालं. एक्का घेतला, राजावर एक चौकट फेकली, चौथं किल्वर कापलं, इस्पिकच्या राजानं तिकडे गेलो आणि पाचव्या किल्वरवर दुसरी चौकट फेकली. बारा हात. स्लॅम झाला.

फेरतपासणीचा आकडा लगेच मेजाच्या कडेला उमटला, एकसष्ट. खाली ओळ होती. ‘पहिलं किल्वर सोडण्याची खेळी सर्वोत्तम. एक्का-राजा आधी वाजवून डाव शंभरात छत्तीस वेळा होतो, एक हात आधी सोडून चौऱ्याऐंशी वेळा. दीर्घ पूर्वविचार. परत घेतलेलं पान किरकोळ.’

डिक्रूझनं टाळी दिली. “काय सोडलं भो किल्वर! माझ्याकडे चार होती, तुम्हाला कसं कळलं?”

खरंच की. सहा पानं चार-दोन वाटलेली होती, माझ्या बेतानं डाव बुडाला असता. आयुष्यभर मालगाड्या बोदवडच्या लूपला, बाजूच्या रुळावर घालून मागची एक्सप्रेस काढली, आणि आज सहा मिनिटं बसून एक किल्वर सोडायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या हरवलेल्या डोक्यातून चुकून ‘छोटं’ निघालं आणि मेजानं ते शहाणपण म्हणून लिहून घेतलं. पान कधी पडलं ते त्याला दिसतं. का पडलं ते दिसत नाही. ते समोर बसलेल्या माणसाला दिसतं.

निकालाखाली दोघांचे अंगठे लागतात, खेळणाऱ्याचा आणि जोडीदाराचा. मग वर्षभर कोणी विचारणार नाही. माझं घर, माझा रेडिओ, मंगळवार, गुरुवार. डिक्रूझ आणि वकील चहाला उठले. आम्ही दोघंच उरलो.

“बाई, डाव संपला. आता डमीला बोलता येतं.”

“येतं.”

“ते किल्वर मी मुद्दाम सोडलं का?”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. डोळे भरले होते, ते पुसायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

“नाही, नारखेडे.” मग म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तर मी अंगठा लावते. मी कोणाला फोन करणार नाही.”

ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही खोटं पान टाकलं नव्हतं, आणि आज माझ्यासाठी टाकायला तयार होत्या. माझी फार इच्छा झाली हो म्हणायची. देवाशप्पथ सांगतो, अंगठा अर्धा पुढे गेला होता.

पण कंट्रोलला पाळी संपली की चार्ज द्यावा लागतो. येणाऱ्या माणसाला लिहून द्यायचं, कुठली गाडी कुठे आहे. जिथे आपल्याला माहीत नाही, तिथे ‘माहीत नाही’ असंच लिहायचं. मनानं एखादी गाडी बोदवडला उभी केली, तर पुढची माणसं मरतात. शेजारी सहा घरं आहेत माझ्या भिंतीला भिंत लावून. मी अंगठा मागे घेतला आणि ऋतुजाला फोन लावला.

“ऋतू, ये मला न्यायला. नाही नाही, पडलो-बिडलो नाही. चार्ज देतोय.”

बाईंनी पत्ते गोळा केले, पिसले आणि डबीत भरले. ते काम नेहमी मी करायचो.

बडोद्याला अकराव्या मजल्यावर माझी खोली आहे. फिकट पिवळी. सकाळी नऊला सगळे जातात, संध्याकाळी सातला येतात. चांगली आहेत पोरं, तक्रार नाही. गॅसला कुलूप आहे, दाराला यंत्र आहे, गोळ्यांची पेटी वेळेवर बोलते. माझ्याशी बोलणाऱ्या वस्तू पुष्कळ झाल्यात. दुपारी मी जेवणाच्या टेबलावर चार हात वाटतो आणि एकटाच खेळतो. समोरची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवतो, कोणी बसलंय अशी.

बाई आता क्लबात जात नाहीत. भिरूड वकील म्हणाले माझ्याबरोबर खेळा, तर म्हणाल्या, पान टाकायला कोणीही मिळतं वकीलसाहेब. पुण्यालाही गेल्या नाहीत. अठ्ठ्याहत्तर आकडा आहे, कोणाची हिंमत!

गुरुवारी तीनला फोन वाजतो. पहिल्या गुरुवारी मी उचलला, तर इकडची तिकडची चौकशी नाही, काही नाही.

“किल्वर नाही का, नारखेडे?”

तेव्हापासून दर गुरुवारी हेच. मी हातातली पानं टेबलावर ठेवतो, पुन्हा उचलतो, पहिल्यापासून रंगवार लावतो. कधी असतं, कधी नसतं. काल मला खूप वेळ लागला. काळी पानं सारखीच दिसत होती.

“थांबा बाई, बघतो,” मी म्हणालो.

बाई थांबल्या.